कार्डाची मागची बाजू

ओडील मार्चात गेली,
बटाट्याच्या कोठारांवर तेव्हा बर्फ होता,
नदीपलीकडचा कॅनडा दिसत नव्हता.
आता डिसेंबर आहे आणि अठरा पत्र्याचे डबे रिकामे.
कुठला कुणाचा, ते तिनं झाकणांच्या आत लिहून ठेवलंय:
टपालवाली. बर्फाचा नांगर चालवणारा थिबोडोचा पोरगा.
फादर, अक्रोड नको, दात.
डेल्फिन.

मी आयुष्यभर ट्रक चालवला.
साखर कॉफीत घातली, एवढाच आमचा संबंध.

पहिली खेप घाईची.
साखर, कोको, दूध, चिमूटभर मीठ,
उकळी फुटली, थेंब गार पाण्यात टाकला,
बोटांत मऊ गोळी आली.
मग कार्ड म्हणतं: लोणी, व्हॅनिला, घोट.
घोटलं. दंड भरून येईस्तोवर घोटलं.
सकाळी वडी चावली तर
दाताखाली वाळू.
ओळखीची वाळू.
तीस वर्षं दर नाताळात मी ही चव
बहिणीच्या घरी, डेल्फिनकडे, गपचूप गिळत आलो होतो
आणि परतताना गाडीत ओडील म्हणायची,
“बिचारी नणंद माझी. कार्ड तर माझंच दिलंय.”

दुसरी खेप घट्टच झाली नाही.
पावावर ओतून ती मी तीन दिवस खाल्ली, रागानं.

तिसऱ्या वेळी कार्डावर दूध सांडलं.
पुसायला उलटं केलं.

मागे पेन्सिलीनं, तिचं ते उजवीकडे कललेलं अक्षर:
“चूल बंद केली की हात लावायचा नाही.
ढवळायचं नाही. भांडं हलवायचंसुद्धा नाही.
बुडाशी तळवा टेकवता आला की मगच घोटणं.
चमक गेली की लगेच ओत, नाहीतर हुकलं.”
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
“डेल्फिनला फक्त पुढची बाजू.”

एकटाच हसलो स्वयंपाकघरात.
हसू थांबेना, मग ते हसू राहिलं नाही.

भांडं तसंच ठेवून खुर्ची ओढली.
दवाखान्याच्या बाकावर बसायचो तसा बसलो,
हात मांडीवर.
तिथली नर्सही हेच म्हणायची,
आता काही करायचं नाही, लूसियन, फक्त बसायचं.
बाहेर थिबोडोचा पोरगा दोनदा नांगर घेऊन गेला.
भांड्यात काळा आरसा,
त्यात छतावरचा दिवा, न हलता.

तळवा टेकवला. पोळला.
वीस मिनिटांनी पुन्हा. या वेळी नाही.

घोटताना कळतं, चमक हळूहळू जात नाही.
ती असते, असते, असते
आणि कुणी खोलीतून उठून गेल्यासारखी
नसते.
ओतलं.

रात्री डेल्फिनला फोन लावला.
सगळं सांगितलं, पुढची बाजू, मागची बाजू.
ती गप्प. तिच्याकडचा टीव्ही ऐकू येत राहिला.
मग म्हणाली, “अरे, माझ्या पोरांना तेच आवडतं, करकरीत.
मऊ दिलं की म्हणतात, हे दुकानातलं.
आता नातवंडंही म्हणतात.”
“मग बरं झालं,” मी म्हणालो.
“बरं कसलं डोंबलाचं! तीस वर्षं बनवलं बयेनं मला!”
आणि ती इतकी हसली की खोकला लागला,
पाणी प्यायला गेली, परत आली.
“शेवटची ओळ काय म्हणालास?”
वाचली.
“तशी नाही. तिच्यासारखी वाच. नाकातून.”
वाचली.
“परत.”

डेल्फिनच्या डब्यात पहिल्या खेपेच्या वड्या भरल्या,
वाळूच्या. मऊ एकच घातली, कोपऱ्यात,
भांडण म्हणून.
सर्वांत वर कार्ड ठेवलं,
उलटं,
आणि झाकण लावलं.